चंद्रावरची ती रात्र, पुन्हा एकदा घड्याळ लावून: ‘अपोलो इन रिअल टाइम’ या संकेतस्थळाचा अनुभव

‘माणूस चंद्रावर उतरताना मी दूरचित्रवाणीवर पाहिला’ हे वाक्य मी पन्नासहून अधिक वर्षे ऐकवत आले आहे. आधी मुलांना, मग सुनांना आणि अलीकडे नातीला. ते वाक्य निम्मे चुकीचे आहे, हे गेल्या महिन्यात एका संकेतस्थळाने माझ्या गळी उतरवले. संकेतस्थळाचे नाव ‘अपोलो इन रिअल टाइम’. नातीने ते तिच्या लॅपटॉपवर उघडले, केबल लावून दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीला जोडून दिले आणि ‘आजी, आता सलग बघ’ असे सांगून ती क्लासला निघून गेली. त्यानंतरचे आठ दिवस आमच्या कोथरूडच्या घरात काय चालले होते, याचा हा वृत्तान्त आहे. परीक्षण म्हणा, हवे तर.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगते. कॅनडातले सॉफ्टवेअरतज्ज्ञ बेन फाइस्ट यांनी आधी अपोलो 17 या मोहिमेसाठी असे संकेतस्थळ उभारले आणि चांद्रविजयाच्या पन्नाशीला, म्हणजे 2019 साली, अपोलो 11 साठी. 16 जुलै 1969 रोजी केप केनेडीहून यान सुटल्यापासून ते प्रशांत महासागरात उतरेपर्यंतचे सुमारे 195 तास येथे एका धाग्यात ओवलेले आहेत. यानाशी झालेले सारे संभाषण, दूरचित्रवाणीची सारी प्रक्षेपणे, यानात आणि ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात घेतलेल्या चित्रफिती, सुमारे 2000 छायाचित्रे, हे सर्व ज्या क्षणी घडले त्या क्षणाला नेमके बसवले आहे. वर मोहिमेची काळपट्टी असते, तिच्यावर बोट ठेवाल तिथून घड्याळ चालू होते. उड्डाणाच्या एक मिनिट आधीपासून सुरुवात करता येते. किंवा दुसरा पर्याय निवडला, तर आज आत्ता जे तास, मिनिट आणि सेकंद चालू असेल, त्याच क्षणी 1969 मध्ये काय घडत होते तिथे तुम्हाला नेऊन सोडले जाते. याला पैसे पडत नाहीत आणि नाव-गाव, फोन नंबरही कोणी विचारत नाही.

आता आमची 1969 ची बैठक. माझे यजमान अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट करत होते आणि आम्ही अर्बाना गावात एका वृद्ध विधवा बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. टीव्ही त्यांच्याकडे, खालच्या बैठकीत. झेनिथ कंपनीचा, कृष्णधवल, लाकडी पेटीतला, वर लोकरीचा विणलेला रुमाल घातलेला. रविवार असल्यामुळे यजमानांना प्रयोगशाळा नव्हती. मी ‘क्रीम ऑफ व्हीट’चा शिरा केला होता, कारण तिथे रवा म्हणून तेच मिळे, आणि वेलदोड्याच्या वासाने घरमालकीणबाई दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेल्या होत्या. सीबीएस वाहिनीवर वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइट बोलत होते. तेवीस वर्षांची होते मी, इंग्रजी वाचायची सवय होती पण ऐकायची नव्हती, त्यामुळे त्या दिवशी निम्मे मी त्यांच्या चेहऱ्यावरून समजून घेत होते. यान टेकल्याचे कळल्यावर त्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि त्यांना शब्दच सुचेनात, एवढे मात्र मला भाषांतराशिवाय समजले.

आणि इथेच माझ्या आठवणीतली पहिली गफलत आहे. धूळ उडते आहे, यानाची सावली जमिनीवर लांबते आहे, खड्डे खिडकीखालून सरकत आहेत, हे दृश्य मी त्या बैठकीत बसून पाहिले असे मी शपथेवर सांगितले असते. प्रत्यक्षात यान उतरत असताना चंद्रावरून कोणतेही चित्र येत नव्हते. आला तो फक्त आवाज. पडद्यावर वाहिन्यांनी प्रतिकृती आणि चलचित्रे दाखवून वेळ निभावली होती. मला आठवते ते दृश्य आर्मस्ट्रॉंग यांच्यासोबत उतरलेल्या आल्ड्रिन यांच्या बाजूच्या खिडकीत बसवलेल्या 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचे आहे, आणि ती फिल्म अंतराळवीर परत आल्यावर धुऊन निघाली. म्हणजे मी ती पुढे केव्हातरी, कुठेतरी पाहिली आणि मनाने ती गुपचूप त्या रविवारच्या दुपारी नेऊन चिकटवली. संकेतस्थळावर ही फिल्म संभाषणाला जुळवून चालते, त्यामुळे शब्द ऐकता ऐकता सावली वर येताना दिसते. त्या रविवारी जगात कोणालाही जे असे पाहता आले नाही, ते आज स्वयंपाक करता करता पाहता येते, आणि आपण तेव्हा प्रत्यक्षात काय पाहिले नव्हते हेही त्यासोबत कळते.

संकेतस्थळाचा खरा ऐवज मात्र चित्रात नाही, आवाजात आहे. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षातला प्रत्येक जण कानाला यंत्र लावून आपापल्या गटाशी बोलत असे, आणि ही सगळी बोलणी तीस-तीस मार्गिकांच्या फितींवर ध्वनिमुद्रित होत होती. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील शाखेतल्या मंडळींनी त्या जुन्या फिती अंकीय रूपात आणल्या. असे सुमारे 11,000 तासांचे ध्वनिमुद्रण येथे आहे. एकट्या माणसाने न झोपता ऐकायचे म्हटले तर सव्वा वर्ष लागेल. कोणत्या खुर्चीवरच्या माणसाचे ऐकायचे ते आपण निवडायचे: उड्डाणप्रमुख, वैद्य, मार्गदर्शन अधिकारी, यानाशी बोलणारा अधिकारी.

उतरण्याची ती शेवटची मिनिटे मी पाच वेळा ऐकली, दर वेळी वेगळ्या खुर्चीत बसून. टीव्हीवर तेव्हा आर्मस्ट्रॉंग यांनी ‘बारा-शून्य-दोन’ असा काही इशारा वाचून दाखवला होता, आणि तो ऐकून आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले होते. यजमानांनी मोठ्या आत्मविश्वासाने ‘उंची असेल’ असे सांगितले होते. ती उंची नव्हती. यानाचा छोटा संगणक कामाचा ताण झेपत नसल्याची तक्रार करत होता, आणि अशा वेळी उतरणे सोडून परत फिरायचे की पुढे जायचे हे काही सेकंदांत ठरवायचे होते. मार्गदर्शन अधिकाऱ्याच्या मार्गिकेवर हा निर्णय होताना ऐकू येतो. खुर्चीत 26 वर्षांचे स्टीव्ह बेल्स, मागच्या खोलीत 24 वर्षांचे जॅक गार्मन. आधीच्या एका सरावात असाच एक इशारा येऊन फजिती झाली होती, म्हणून गार्मन यांनी सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून ठेवली होती. इशारा सतत येत राहिला नाही तर पुढे जायला हरकत नाही, असे ते सांगतात, बेल्स तेच पुढे सरकवतात, आणि यानाकडे परवानगी जाते. घाईत आवाज किंचित चढलेला कळतो, पण कोणी ओरडत नाही. माझ्या यजमानांच्या प्रयोगशाळेतली मुले याच वयाची होती आणि त्यांच्या हाती आम्ही मिक्सरसुद्धा दिला नसता.

त्यापुढची गोष्ट तर सर्वांसमोर झालेल्या प्रक्षेपणात नव्हतीच. जमीन जवळ आल्यावर यानाशी बोलणारे चार्ली ड्यूक कक्षात म्हणतात की आता आपण गप्प बसलेले बरे, आणि उड्डाणप्रमुख जीन क्रान्झ सांगतात की यापुढे घोषणा फक्त इंधनाची. त्यानंतर त्या मार्गिकेवर जी शांतता पसरते, तिच्यात ‘साठ सेकंद’ आणि ‘तीस सेकंद’ हे दोनच खिळे ठोकलेले आहेत. यान टेकल्यानंतर ड्यूक यांची जीभ अडखळते आणि ‘ट्रँक्विलिटी’ हा शब्द त्यांना पहिल्या फटक्यात उच्चारता येत नाही. मग ते सांगतात की इथे निळे पडायची वेळ आलेली बरीच मंडळी आता पुन्हा श्वास घेऊ लागली आहेत. हे वाक्य 1969 मध्ये मला समजले नव्हते. माणूस निळा का पडेल, असे मी यजमानांना विचारले होते. ब्रिटनच्या स्टीफन स्लेटर यांनी नियंत्रणकक्षाच्या मूक चित्रफितींना त्या त्या वेळचा आवाज जुळवून दिला आहे, त्यामुळे काही ठिकाणी बोलणाऱ्याचे ओठही हलताना दिसतात.

दुसरी गफलत वेळेची. माझ्या आठवणीत यान उतरले, दार उघडले आणि माणूस शिडीवरून खाली आला, असे सगळे शिऱ्याची वाटी संपेपर्यंत झाले होते. प्रत्यक्षात यान टेकले अर्बानाच्या घड्याळात दुपारी सव्वातीनला, आणि पाऊल पडले रात्री दहाला चार मिनिटे कमी असताना. मधले साडेसहा तास मी कुठे होते? मूळ वेळापत्रकात तर अंतराळवीरांनी आधी झोप घ्यायची होती. आर्मस्ट्रॉंग यांनीच विनंती केली की ह्यूस्टनच्या वेळेनुसार साधारण आठला बाहेर पडू द्यावे, आणि ती मान्य झाली. आठचे साडेनऊ झाले. पोशाख चढवणे, पिशव्या बांधणे, यानातली हवा सोडणे, हे सारे अपेक्षेपेक्षा लांबले. मी संकेतस्थळावर ते तास एकही मिनिट न गाळता चालू ठेवले. बराच वेळ खरखर, मग एखादा आकडा, मग पुन्हा खरखर. तिसऱ्या तासाला यजमान खुर्चीत घोरू लागले, मी मेथीची जुडी निवडायला घेतली, आणि अचानक मला तो मधला वेळ परत मिळाला: आम्ही वरती जाऊन जेवून आलो होतो, मी कपड्यांना इस्त्री केली होती, आणि नऊच्या सुमारास घरमालकीणबाईंसह बाहेरच्या पायऱ्यांवर उभे राहून पश्चिमेला कललेला षष्ठी-सप्तमीचा चंद्र पाहिला होता. बाई त्याच्याकडे पाहून हात हलवायला निघाल्या होत्या आणि मग स्वतःशीच लाजल्या होत्या. हे मी पन्नास वर्षांत कोणाला सांगितले नव्हते, कारण मला ते आठवतच नव्हते.

तिसरी गोष्ट गफलत निघाली नाही, आणि तिच्याबद्दल मी या संकेतस्थळाची ऋणी आहे. चंद्रावरून आलेले पहिले चित्र उलटे होते, असे मी नेहमी सांगे आणि मुलगा नेहमी हसे. चित्र उमटले ते मुंग्यांनी भरलेले, अर्धे काळेकुट्ट, अर्धे पांढरेफटक, आणि खालचे वर झालेले. घरमालकीणबाई उठल्या, टीव्हीच्या मागे हात घालून त्यांनी दोन-तीन खुंट्या पिळल्या, मग पेटीच्या कुशीत एक चापट मारली, आणि चित्र सुलटे झाले. त्या बाई पुढे कैक महिने ही चापट अभिमानाने सांगत होत्या. संकेतस्थळावर त्याच क्षणी ह्यूस्टनचा अधिकारी आर्मस्ट्रॉंग यांना स्पष्ट सांगताना ऐकू येतो की चित्र आले आहे, त्यात काळ्या-पांढऱ्याचा भेद फार आहे आणि सध्या ते आमच्या पडद्यावर उलटे दिसते आहे. कारण साधे होते. यानाच्या बाहेरच्या कप्प्यात कॅमेरा उलटाच बसवावा लागला होता आणि पृथ्वीवर एक कळ फिरवून चित्र सुलटे करायचे होते. ती कळ फिरायला थोडा वेळ लागला. मुलाला मी दोनदा ऐकवले.

चित्राच्या दर्जाबद्दल मात्र अपेक्षा आवरलेली बरी. वेस्टिंगहाउस कंपनीचा तो कॅमेरा सेकंदाला फक्त 10 चित्रे पाठवत होता आणि त्यात 320 रेषा होत्या. घरातल्या टीव्हीला चालेल असे रूप देण्यासाठी त्या चित्राचे ग्रहणकेंद्रातल्या छोट्या पडद्यावरून पुन्हा चित्रीकरण करावे लागे. म्हणजे आम्ही सर्वांनी पाहिले ते चित्राचे चित्र. सुरुवात कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन केंद्राकडून आलेल्या प्रतिमेने झाली, पहिले पाऊल ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक केंद्राने दाखवले आणि काही मिनिटांनी तिथल्याच पार्क्स येथील 64 मीटर व्यासाच्या तबकडीने उरलेले सगळे. चंद्रावरून थेट आलेल्या संकेतांच्या मूळ फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने 2009 मध्ये काढला. त्यामुळे आज कोठेही जे दिसते ते वाहिन्यांना गेलेल्या प्रतींवरून सुधारलेले आहे. आकृत्या आता ओळखू येतात, पण आर्मस्ट्रॉंग यांच्यातून मागची जमीन दिसण्याचा प्रकार कायम आहे. घरमालकीणबाईंनी तेव्हा विचारले होते, ‘तो पारदर्शक का दिसतो?’ त्याचे उत्तर द्यायला त्या दिवशी आमच्यापैकी कोणी समर्थ नव्हते.

आता ज्या एका तुकड्यासाठी मी हे संकेतस्थळ कोणालाही उघडायला सांगेन, त्याकडे येते. झेंडा उभारण्याच्या सुमारास चंद्राभोवती फिरत राहिलेले तिसरे अंतराळवीर मायकल कॉलिन्स आपले यान घेऊन चंद्राच्या मागून पुढे येतात आणि संपर्क जुळल्यावर खाली काय चालले आहे ते विचारतात. ह्यूस्टनचे ब्रूस मॅकँडलेस त्यांना सांगतात की हे दृश्य टीव्हीवर दिसत नसलेला बहुधा तूच एकटा आहेस. कॉलिन्स उत्तर देतात की ठीक आहे, माझी काही तक्रार नाही. आणि लगेच विचारतात, टीव्हीचे चित्र कसे आहे? उत्तर येते, फार सुंदर आहे, माइक. त्यांच्या आवाजात हेवा शोधण्यासाठी मी तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला. सापडला नाही.

‘एकटा’ हा शब्द मात्र मला हसवून गेला. त्या वेळी पुण्यात सोमवार सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि माझी आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात शेजाऱ्यांच्या रेडिओपाशी बसली होती. भारतात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबईला केंद्र सुरू झाले ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी. परदेशातले चित्र उपग्रहामार्गे उतरवून घ्यायचे, तर नारायणगावाजवळच्या आर्वीचे भूकेंद्र सुरू व्हायला 1971 साल उजाडायचे होते. अख्खा महाराष्ट्र त्या सकाळी कॉलिन्स यांच्याच बाकावर बसला होता. आषाढी एकादशी चार-पाच दिवसांवर आली होती, आभाळ भरलेले होते आणि चंद्र कोणाला दिसतही नव्हता. तीन आठवड्यांनी आईचे निळे एअरोग्राम आले. त्यात लिहिले होते, ‘तुम्ही पाहिले, आम्ही ऐकले. सासूबाई विचारत होत्या की वहाणा काढून उतरले की पायात घालूनच.’ मी उलट टपाली चार पाने भरून वर्णन पाठवले, आणि आता कळते की त्यातले यान उतरतानाचे वर्णन मी बहुधा तेव्हाच रचले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिघेही अंतराळवीर मुंबईत येऊन गेले. आईने वर्तमानपत्रातला फोटो कापून पुढच्या पाकिटात घातला होता.

उणिवा आहेत. सगळे संभाषण इंग्रजीत आणि त्यातही संक्षेपांनी ठासलेले आहे; सोबत लिखित उतारा धावत असतो म्हणून निभावते, पण ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांना पहिला तास जड जाईल. मोबाइलवर पाहण्याच्या भानगडीत पडू नये, कारण काळपट्टी, उतारा, चित्र आणि मार्गिका एवढे सगळे एका वेळी दिसायला हवे आणि त्यासाठी मोठाच पडदा लागतो. आणि येथे मोहीम आहे, प्रेक्षक नाहीत. क्रॉंकाइट यांचा चष्मा येथे सापडणार नाही, मधल्या जाहिराती सापडणार नाहीत, घरोघरच्या बैठका तर नाहीतच. टीव्ही पाहण्याची आठवण ज्यांना परत हवी आहे, त्यांनी वाहिन्यांच्या जुन्या प्रक्षेपणांचे तुकडे वेगळे शोधावेत. मला स्वतःला ही उणीव फायद्याची वाटली, कारण निवेदकाचा आवाज नसल्यामुळेच खालची खरखर आणि तिच्यातली माणसे ऐकू आली.

ज्यांना आठ दिवस काढणे शक्य नाही त्यांनी काळपट्टीवर 102 तास 30 मिनिटांपाशी जावे. तिथून पंधरा मिनिटांनी यान टेकते. नंतर 109 तास 20 मिनिटांपाशी जावे. दोन-तीन मिनिटांत उलटे चित्र आल्याचे कळते आणि घड्याळात 109 तास 24 मिनिटे होतात तेव्हा पाऊल पडते. पण एकदा तरी या दोहोंमधले साडेसहा तास न कापता चालू द्यावेत आणि हाताशी निवडायची एखादी भाजी ठेवावी. आमच्याकडे येत्या 20 जुलैला नात ‘आत्ता’ हा पर्याय लावून देणार आहे; आपल्या घड्याळाप्रमाणे यान टेकेल ते मध्यरात्र उलटल्यावर, 21 च्या पहाटे पावणेदोनला. यजमानांनी आतापासूनच सांगून ठेवले आहे की त्यांना पाऊल पडायच्या वेळी, म्हणजे सकाळी साडेआठच्या किंचित आधी, चहासोबत उठवावे. रवा घरात आहे, शिरा मी करणार आहे, आणि या वेळी तो खऱ्या रव्याचा असेल.